ताई, नकार द्या, सबबी देऊ नका

पत्र, थोडक्यात: ‘मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हातात ५८,००० रुपये पगार येतो, त्यातले २१,००० घराच्या हप्त्याला जातात. यजमान खासगी कंपनीत आहेत, दोन मुलं आहेत. गेल्या महिन्यात माझी ३ लाखांची मुदत ठेव पूर्ण झाली आणि आईच्या तोंडून ते माहेरी सगळ्यांना कळलं. धाकट्या भावाला जुना पिकअप टेम्पो घ्यायला २ लाख हवेत. चार वर्षांपूर्वी त्यानं ४०,००० नेले होते, त्यांचा विषय पुन्हा निघालेला नाही. आई म्हणते, “तुझे पैसे नुसते बँकेत पडून आहेत.” त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकाऱ्यानं शिक्षकांच्या पतसंस्थेतल्या ८ लाखांच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ घातली. म्हणाले, “ताई, फक्त एक सही हवीय.” शिवाय मावसभाऊ दर महिन्याला पंचवीस तारीख उलटली की व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-दहा हजार मागतो. मी तिघांनाही “बघते” म्हटलंय. भाऊ येत्या रविवारी घरी येणार आहे. नाती न तोडता नाही कसं म्हणायचं?’

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महागात पडणारा शब्द ‘बघते’ हा आहे. तुम्ही तो वेळ काढायला वापरलात, पण भावाच्या कानाला तो ‘हो’ असाच ऐकू गेला असणार. कदाचित गाडीवाल्याला त्यानं विसारही दिला असेल. तुम्ही जितके दिवस ‘बघत’ राहाल तितके दिवस तो दुसरीकडे चौकशी करणार नाही. मग शेवटी आलेला नकार त्याला फसवणुकीसारखा लागेल, आणि त्या रागात थोडं तथ्यही असेल. म्हणून रविवारची वाट पाहू नका. तो मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा असताना, यजमान आणि मुलं समोर बसलेली असताना नाही म्हणणं तुम्हालाही जड जाईल आणि त्यालाही लाजिरवाणं होईल. आज-उद्याच फोन करा.

फोनवर काय बोलायचं ते सांगण्याआधी काय बोलायचं नाही ते बघू, कारण बहुतेकांची गाडी इथंच रुतते. नकार देताना आपण सबब शोधतो, आणि सबबीला उत्तर असतं. “पैसे ठेवीत अडकलेत” म्हणालात तर तो म्हणेल, “ठेवीवर कर्ज मिळतं की!” ते खरंही आहे. बँका ठेवीच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि त्याला ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लावतात. “पुढच्या महिन्यात मुलांची फी आहे” म्हणालात तर तो त्याच्या पुढच्या महिन्यात येईल. “यांना विचारावं लागेल” ही तर सगळ्यात वाईट सबब. ती खोटी असेल तर तुम्ही नवऱ्याला माहेरी कायमचा खलनायक केलात, आणि भाऊ उद्या थेट त्यांनाच फोन लावेल. सबब दिली की मागणारा नकार ऐकतच नाही, तो अडचण ऐकतो आणि ती सोडवायला बसतो. मग तासभर चर्चा होते, तुम्ही एकेक पायरी खाली येता आणि शेवटी ‘निदान ५०,००० तरी’ वर येऊन थांबता.

हे ‘निदान’ फार घातक आहे. २ लाखांच्या कामाला ५०,००० दिले तर काम होत नाही आणि उरलेले दीड लाख तो दुसरीकडून काढतो. गावात खासगीत पैसे मिळतात ते शेकड्यानं. शेकडा ३ म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६०. दीड लाखावर शेकडा ५ नं महिन्याला नुसतं व्याजच ७,५०० होतं. साहजिकच तो ते आधी भरणार, कारण तो माणूस दारात येऊन उभा राहतो. बहीण दारात उभी राहत नाही, म्हणून बहिणीचे पैसे यादीत शेवटी जातात. तुमच्या ४०,००० चं हेच झालं असणार.

तर भावाला फोनवर एवढंच बोला: “तुला मी बघते म्हटलं होतं. तसं म्हणायला नको होतं. गाडीसाठी मी पैसे देऊ शकणार नाही. तू थांबून राहू नयेस म्हणून आजच सांगते.” आणि गप्प राहा. पलीकडची शांतता दहा सेकंदांची असली तरी दहा मिनिटांची वाटते, आणि ती भरायला आपण सबबीकडे धावतो. तिथंच जीभ आवरायची. तो “का?” विचारेल. उत्तर: “ठरवलंय मी. देणार नाही.” तो “तुझ्याकडे तर आहेत” म्हणेल. उत्तर: “आहेत. पण उसने देणार नाही.” दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं तरी शब्द तेच ठेवा. शब्द बदलले की समोरच्याला वाटतं, दार किलकिलं आहे. आवाज चढवू नका आणि माफीही मागू नका. “सॉरी रे, मला खूप वाईट वाटतंय” असं चार वेळा म्हटलं की त्याला वाटतं, आपण काहीतरी हक्काचं मागितलं होतं आणि ते नाकारलं गेलं.

जुन्या ४०,००० चा उल्लेख या फोनमध्ये अजिबात करू नका. जीभ शिवशिवेल, पण “आधीचेच दिले नाहीस” ही सुद्धा सबबच आहे. उद्या तो ५,००० आणून हातावर ठेवेल, म्हणेल, “हे घे, बाकीचे देतोच आहे, आता गाडीचं बघ.” जुन्या उसन्याचा छोटा हप्ता देऊन नवं मोठं उसनं काढणं ही फार जुनी वाट आहे, आणि तिच्यावरून चालणारा माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो, खरंच अडलेला असतो.

त्या ४०,००० चा निर्णय तुम्ही स्वतःशी, वेगळा करा. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर परतीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्याची वसुली दिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दाव्यात आणावी लागते. त्या मुदतीत त्यानं सही करून कबुली दिली असती किंवा काही रक्कम लेखी नोंदीसह परत केली असती तर तिथून नवी तीन वर्षं मोजली गेली असती. तसं काही झालेलं नाही, म्हणजे मुदत संपली. आता त्यानं स्वतःहून ‘हे पैसे मी देईन’ असं सही करून लिहून दिलं तरच तो कागद पुन्हा कायद्यानं चालतो. भावाकडून असा कागद मागायला तुम्ही जाणार नाही, हे आम्हाला पत्रावरूनच कळतं. मग मनातल्या मनात ते सोडून द्या आणि हिशेबाच्या वहीतही तशी रेघ मारा. परत आले तर घ्या. पण दर भाऊबीजेला त्याच्या ओवाळणीच्या पाकिटाकडे बघताना ४०,००० आठवत राहणार असतील, तर पैशांपेक्षा ते जास्त खातात.

भावाला मदत करायची इच्छा असेल, आणि पत्रात ती ओळीओळीतून दिसते, तर ती पैशांविना करता येते, आणि ती खरी मदत असते. फोनवर नकारानंतर एवढं म्हणा: “पैसे नाही, पण अर्धा दिवस देते. बँकेचे कागद आपण दोघं मिळून करू.” जुन्या गाडीचं कर्ज बँका देतात, गाडी किती जुनी आहे त्यावर रक्कम आणि मुदत ठरते, आणि किमतीचा काही भाग स्वतःचा टाकावाच लागतो. धंद्याच्या गाडीसाठी मुद्रा योजनेतूनही अर्ज करता येतो. तिच्यात ५०,००० पर्यंत ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ असे गट आहेत, म्हणजे त्याचे २ लाख ‘किशोर’मध्ये बसतात, आणि या कर्जाला तारण लागत नाही. आधार, पॅन, गाडी चालवण्याचा परवाना, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गाडीच्या कागदांच्या प्रती आणि महिन्याला किती भाडी मिळतील याचा साधा हिशेब, एवढं घेऊन शाखेत जायचं. तो हिशेब मांडायला तुमच्यासारखी शिकवणारी बहीण जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. डिझेल, टायर, विमा, कर, दुरुस्ती, चालवणाऱ्याची मजुरी, आणि गाडी उभी राहणारे पावसाळ्यातले दिवस, सगळं धरा. एवढं वजा जाऊन हप्ता निघतो का ते दोघांनाही कागदावर दिसेल. जो धंदा कागदावर बँकेचा हप्ता काढत नाही, तो बहिणीचाही काढणार नाही.

त्यातच गाडीही तपासून घ्या. जुन्या पिकअपमध्ये पैसे बुडतात ते इंजिनापेक्षा कागदांत. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला आहे का ते आधी पाहायचं. असेल तर तिचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय विसाराच्या पुढे एक रुपया द्यायचा नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालवाहू गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, तेव्हा ते कधी संपतंय ते बघा. विमा चालू आहे का, कर थकलाय का, ई-चलनं किती पडलीत, हेही. यातलं बरंचसं एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दहा मिनिटांत कळतं. तुमच्या २ लाखांपेक्षा ही दहा मिनिटं त्याला जास्त वाचवतील.

आता सहकाऱ्याची सही. तिघांतली ही मागणी सगळ्यात निरुपद्रवी दिसते, कारण हातातून एक रुपयाही जात नाही. आमच्या मते ती सगळ्यात धोक्याची आहे.

भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे कर्जदार थकला तर पतसंस्थेनं आधी त्याच्या मागे लागावं, त्याचं घरदार विकावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. आणि येतेच, कारण तुमचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो. पगारदारांच्या पतसंस्थांत कर्जदाराबरोबर जामीनदाराकडूनही पगारकपातीचं संमतिपत्र बहुधा त्याच गठ्ठ्यात सही करून घेतलेलं असतं, आणि ‘फक्त एक सही’ म्हणत पाच-सहा ठिकाणी सह्या होतात. त्याउपर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, तो कर्जदार आणि जामीनदार दोघांवरही निघतो आणि त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जप्तीपर्यंत जाऊ शकते.

आणखी एक गैरसमज: दोन जामीनदार आहेत म्हणजे तुमच्या वाट्याला ४ लाखच, असा. तसं नसतं. पतसंस्थेच्या लेखी दोघेही पूर्ण ८ लाखांना आणि त्यावरच्या व्याजाला बांधील. तुम्ही सगळं भरलंत तर दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा हिस्सा आणि कर्जदाराकडून पूर्ण रक्कम मागण्याचा हक्क तुम्हाला असतो, पण तो दावा तुम्ही, तुमच्या खर्चानं, तुमच्या रजा टाकून लढायचा. तुमचेच आकडे घेऊन बघा. ८ लाख ११ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना १३,७०० च्या आसपास येतो. तुमच्या ५८,००० मधून घराचे २१,००० गेले की ३७,००० उरतात. त्यातून हे कापले गेले तर २३,३०० त घर, दोन मुलं, दवाखाना.

आणि सही झाली की मागे फिरता येत नाही. दिलेल्या कर्जाची जामीनकी एकतर्फी काढून घेता येत नाही. पतसंस्था तुमच्या जागी दुसरा जामीनदार मान्य करेल तरच सुटका, आणि कर्ज थकायला लागल्यावर दुसरा कोण उभा राहणार? शिवाय उद्या तुम्हाला मुलांच्या शिक्षणासाठी त्याच पतसंस्थेतून कर्ज लागलं तर ही जामीनकी तुमच्या नावापुढे दिसते आणि तुमची पत तेवढी कमी धरली जाते.

म्हणून सहकाऱ्यांना, शक्यतो मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत नव्हे तर शाळा सुटल्यावर बाजूला घेऊन: “सर, मी यापुढे कोणालाच जामीन राहणार नाही. तुम्हाला दुसरा जामीनदार शोधायला वेळ मिळावा म्हणून लगेच सांगतेय.” हे वाक्य सबब नाही, हा नियम आहे, आणि नियमाचा फायदा असा की त्यात समोरच्या माणसाच्या भरवशाविषयी काहीच बोललं जात नाही. पण मग नियम पाळावा लागतो. पुढच्या वर्षी जिवलग मैत्रिणीला सही दिलीत तर या सरांना ते आठवड्याभरात कळेल, आणि तेव्हा मात्र तो अपमान ठरेल. ‘तुम्ही मला, मी तुम्हाला’ अशी साखळीही शाळांमध्ये चालते. तुमच्या घरकर्जाला किंवा आधीच्या कर्जाला ते स्वतः जामीन असतील तर प्रश्न जड आहे. तसं असेल तर तुमचं ते कर्ज शक्य तितक्या लवकर फेडून त्यांना मोकळं करणं हा सरळ मार्ग. उपकाराची फेड म्हणून ८ लाखांची सही हा नव्हे.

याच जातीच्या आणखी दोन मागण्या तुमच्याकडे येतील, आज नाही तर उद्या. “कर्ज तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरतो” ही एक, आणि “तुझ्या क्रेडिट कार्डावर मोबाइल घे, दर महिन्याला पाठवतो” ही दुसरी. दोन्हीत बँकेच्या दृष्टीनं कर्जदार तुम्ही आणि फक्त तुम्ही. हप्ता चुकला की तुमचा सिबिल स्कोअर खाली येतो, आणि त्यानं पैसे दिले तरी पाच तारखेऐवजी बारा तारखेला दिले की दंड तुमच्या कार्डावर. दागिने ‘आठ दिवसांसाठी गहाण ठेवायला’ देणंही त्यातलंच. या तिन्हींना उत्तर एकच: “माझ्या नावावर मी फक्त माझंच घेते.”

मावसभावाचं प्रकरण त्या मानानं हलकं आहे. आधी एक खात्री करा, की मागणारा तोच आहे. ओळखीच्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप ताब्यात घेऊन त्याच्या नावानं ‘अर्जंट’ पैसे मागणारे बरेच असतात. नेहमीच्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय काहीही पाठवू नका, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. मागणारा मावसभाऊच असेल, तर दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर येणारी मागणी ही अडचण नसते, तो त्याच्या महिन्याच्या खर्चातला खड्डा असतो. तुमचे पाच हजार त्यात पडतात आणि पुढच्या पंचवीस तारखेला खड्डा तेवढाच खोल असतो, वर आधीचे पाच हजार फेडायचे. तुम्ही कधी देत असाल आणि कधी टाळत असाल तर तीच सवय त्याला पुन्हा पुन्हा विचारायला लावते, कारण लागला तर नंबर लागतो. मेसेज वाचून निळ्या खुणा ठेवून गप्प बसू नका. त्याच दिवशी एक ओळ लिहा: “मी उसने देणं-घेणं बंद केलंय, पुढेही जमणार नाही. बाकी कसा आहेस?” तिसऱ्या महिन्यानंतर मेसेज बहुधा थांबतील.

आईला मात्र भावाआधी सांगा. भावाकडून तिला कळलं तर तिला वाटेल, आपला शब्द खाली पडला. “आई, मी त्याला गाडीसाठी पैसे देणार नाही, ते आज त्याला सांगणार आहे. तुला आधी सांगितलं. पैशांचं त्यानं यापुढे माझ्याशीच बोलावं, तू मध्ये पडू नकोस, तुला उगाच त्रास.” तिला रडू येईल, ‘सख्ख्या भावाला नाही म्हणतेस’ असंही येईल. तिथं वाद घालू नका. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण बहुधा तिनंच तुम्हाला लहानपणी शिकवली असेल, पण आत्ता तीही तिला ऐकवू नका.

आणि ते ३ लाख. बचत खात्यात मोकळे दिसणारे पैसे सगळ्यांना ‘पडून असलेले’ वाटतात, आपल्यालाही. या आठवड्यातच त्यांना जागा द्या. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचा पैसा बाजूला नसेल तर आधी तो. तो असेल तर काही भाग घरकर्जाच्या मुद्दलात भरता येईल. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. यापुढे ठेवीची रक्कम आणि तारीख यजमानांखेरीज कोणाला कळायची गरज नाही. त्यात लपवाछपवी काही नाही.

यजमानांशी बसून आणखी एक आकडा ठरवा: वर्षाला किती पैसे परत न येण्याच्या तयारीनं द्यायचे. महिना १,००० म्हणजे वर्षाचे १२,०००, वेगळ्या खात्यात. ते दोन्हीकडच्या माणसांना, माहेरच्या आणि सासरच्या, सारख्याच नियमानं. दिरांना चालतं आणि भावाला चालत नाही, असं झालं तर भांडण घरातच सुरू होईल. त्यातून दिलेले पैसे देताना स्पष्ट म्हणायचं, “हे परत करू नकोस.” ते खातं रिकामं झालं की “यंदाचं संपलं” हे खरं बोलणं असतं.

दवाखान्याची वेळ वेगळी, तिथं कोणी हिशेब करत बसत नाही. पण तिथंही हातात रोख देण्याऐवजी दवाखान्याच्या किंवा औषधांच्या बिलात थेट भरा. आणि भरण्याआधी एवढं विचारा: रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का? तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव ठेवाव्या लागतात. नातेवाईक रात्री बारा वाजता ५०,००० मागतो तेव्हा हे त्याला ठाऊक नसतं, आणि कोणी सांगितलेलंही नसतं.

कधी तरी, कोणाला तरी, खरंच उसने द्यायचे ठरवलंत तर ते असे द्या. रक्कम बँकेतून पाठवा, रोख नको. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. फेडही तशीच खात्यातून. एका कागदावर दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते, रक्कम अंकी आणि अक्षरी, पाठवल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक, परतीची तारीख किंवा हप्ते, घेणाऱ्याची महसुली तिकिटावर सही, दोन साक्षीदार. हप्ते लांब असतील तर गणित आधी मांडा: २ लाख महिना ५,००० नं फेडायला ४० महिने लागतात. दर वर्षी एकदा ‘आजअखेर इतके बाकी’ असं सही करून घ्या, म्हणजे तीन वर्षांची मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. पुढच्या तारखेचा चेक घेतलात तर त्यावरच्या तारखेपासून तो तीन महिनेच चालतो. न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांची वाट, आणि ते १५ दिवस संपल्यापासून महिन्याच्या आत तक्रार. यातली एक तारीख हुकली तरी बाजू लंगडी पडते. हे सगळं वाचून ‘एवढं मी त्याच्याकडून कसं करून घेऊ’ असं वाटत असेल, तर त्या माणसाला उसने देऊ नका, झेपतील तेवढे तसेच द्या.

नकारानंतरचे पंधरा दिवस अवघड असतात. भाऊ फोन उचलणार नाही, वहिनीचं स्टेटस टोचेल. भरपाई म्हणून भाच्यांना महागडे कपडे घेऊ नका, त्यानं नकार अपराधासारखा दिसतो. चार दिवसांनी तुम्ही स्वतः फोन करा, आईच्या गोळ्यांविषयी, शेतातल्या पाण्याविषयी, नेहमीच्या कशाविषयीही, आणि पैशांचा विषय तुमच्याकडून काढू नका.

आज संध्याकाळी आधी आईला, मग भावाला. सरांशी उद्या शाळा सुटल्यावर. रविवारचं बोलावणं रद्द करू नका. त्याला म्हणा जेवायलाच ये, आणि येताना त्या पिकअपच्या आरसीचा फोटो आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन ये.